'मूरेह' : एका लोच माशाच्या नावाची चिकित्सा

लोच या इंग्रजी नावाने ओळखले जाणारे लहान मासे आशियातील बहुतेक नद्यांच्या तळाशी आढळतात. बोटभर लांबीचा, वाळूत व खड्यांत वावरणारा, ओठांभोवती मिशांच्या जोड्या असलेला हा मासा बाजाराच्या दृष्टीने जवळजवळ नगण्य असतो. त्याच्या जाती ओळखण्याचे काम म्हणूनच कोळ्या-भोयांकडून लवकरच संग्रहालयातील तज्ज्ञांकडे गेले. त्या तज्ज्ञांनी ते काम कसे पार पाडले याची परीक्षा भाषेच्या अभ्यासकाने करावी, याला वरवर पाहता काही कारण दिसत नाही. परंतु या माशांच्या शास्त्रीय नावांची यादी उघडली, की निराळेच दृश्य दिसते. लॅटिन व ग्रीक शब्दांच्या रांगेत 'बोटिया', 'गेटो', 'पांगिया', 'गुंटिया' हे पूर्वेकडील नद्यांवरचे शब्द उभे आहेत आणि त्यांच्याच शेजारी 'मूरेह' हा मराठी मुलखातून उचललेला शब्दही आहे. यांतील प्रत्येक शब्द कोणीतरी कोणाच्या तरी तोंडून ऐकला, इंग्रजी लिपीत उतरविला आणि एका माशावर कायमचा डकविला. या तीन क्रियांपैकी तिसरीची चर्चा मत्स्यशास्त्राने विपुल केली आहे. पहिल्या दोहोंकडे मात्र मत्स्यशास्त्राने पाहिले नाही आणि मराठीच्या अभ्यासकांनीही पाहिले नाही.

'मूरेह' हे नाव देणारा विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी होता. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. जमीन, पीक, हवामान, लोकसंख्या यांच्या नोंदींबरोबर दख्खनमधील पक्षी, सस्तन प्राणी व मासे यांच्याही नोंदी तो करीत राहिला आणि १८३१ साली त्याने हिंदुस्थान सोडला. (मोल्सवर्थच्या मराठी कोशाची पहिली आवृत्ती याच वर्षी निघाली, हा केवळ योगायोग, तथापि साइक्सच्या हाती तो कोश असता तर पुढील बरीच चिकित्सा अनावश्यक ठरली असती.) त्याच्या माशांचा संक्षिप्त वृत्तांत १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात व सविस्तर निबंध चित्रांसह १८४१ साली तिच्याच व्यवहारग्रंथात प्रसिद्ध झाला. त्यात त्याने 'कोबिटिस' या प्रजातीत तीन नवे लोच सांगितले : 'रुप्पेली', 'मूरेह' आणि 'माया'. पहिले नाव फ्रँकफुर्टच्या एडुआर्ड रुप्पेल या निसर्गशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ आहे. दुसऱ्याचा उगम दख्खनच्या बोलीत आहे, आणि प्रस्तुत चिकित्सा त्या दुसऱ्यापुरतीच आहे.

साइक्सच्या निबंधातील बहुसंख्य मत्स्यनामे मराठी आहेत. 'शिंगटी', 'अळकुटी', 'कोळस', 'गुंगवारी' हे शब्द त्याच्या लेखनातून आजही ओळखू येतात. त्याच्या वर्णनांविषयी नंतरच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी वारंवार तक्रार केली आहे. ती वर्णने त्रोटक आहेत, त्यांतील मोजमापांवरून जवळच्या जाती वेगळ्या करता येत नाहीत आणि चित्रांवर सर्वत्र विसंबता येत नाही, ही तक्रार रास्त आहे. परंतु तिच्यातून असाही एक ग्रह रूढ झाला, की साइक्सची नावेही त्याच्या वर्णनांइतकीच ढिली आहेत. हा ग्रह तपासून पाहण्याजोगा आहे. साइक्सला माशांचे काटे मोजता आले नसतील. पण ऐकलेला शब्द त्याने एका ठराविक पद्धतीने लिहिला, आणि ती पद्धत उकलता येते.

उकलीची किल्ली निबंधाच्या मथळ्यातच आहे. 'दखन' हा शब्द साइक्स लिहितो तेव्हा त्यातील दोन्ही ठिकाणचा 'अ' तो इंग्रजी 'यू' या अक्षराने दाखवितो. म्हणजे त्याच्या नावांत जेथे एकेरी 'यू' येतो तेथे 'उ' न वाचता 'अ' वाचला पाहिजे. या एका नियमाने 'कोलुस' हा 'कोळस' होतो. आणि ज्या माशाचे नाव मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांतून दीडशेहून अधिक वर्षे 'खुद्री' असे उच्चारले गेले, ते नाव 'खदरी' किंवा 'खडरी' असे काहीतरी असावे, असे दिसते. 'उ' किंवा 'ऊ' दाखवायचा असेल तेव्हा तो दोन 'ओ' जोडतो, 'ई'साठी दोन 'ई' जोडतो आणि शब्दान्तीचा 'आ' दाखविण्यासाठी पुष्कळदा 'ए'पुढे 'एच' लिहितो. 'मसल्ला' या धर्तीच्या नावाच्या शेवटी त्याने असा 'एच' लिहिला आहे. त्या काळच्या कंपनी अधिकाऱ्यांत ही लेखनपद्धती सर्रास होती. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, 'ल' आणि 'ळ' यांत भेद नाही, 'द' आणि 'ड' यांत भेद नाही. पण अन्त्य स्वराच्या बाबतीत ती बरीच काटेकोर आहे, आणि मराठीत तर लिंग व वचन ही अन्त्य स्वरातच राहतात.

आता 'मूरेह' पाहावे. आरंभीच्या दोन 'ओं'वरून 'मु' किंवा 'मू' एवढेच निश्चित होते. मराठीच्या शुद्धलेखनाप्रमाणे दोन अक्षरी दीर्घान्त शब्दात पहिला उकार ऱ्हस्व लिहिला जातो, म्हणून 'मु' धरण्यास हरकत नाही. पुढील 'आर' या अक्षराबाबत सावधगिरी हवी. दोन स्वरांमधील मराठी 'ड' इंग्रजी कानाला 'र'सारखा ऐकू येई. सावंतवाडीच्या संस्थानाचे नाव जुन्या इंग्रजी दप्तरांत 'वारी' अशा रूपाने आढळते, ते याच कारणाने. तेव्हा मूळ शब्द 'मुडे'ही असू शकला असता. परंतु पुढच्या काळातील माशांच्या सूच्यांत या गटासाठी 'मुरा', 'मुरी' अशी रूपे दिली जातात व ती निर्विवाद 'र'ची आहेत. त्यामुळे 'ड'चा पक्ष मागे पडतो.

खरा प्रश्न अन्त्य 'एह'चा आहे. साइक्सने ऐकलेला शब्द 'मुरी' असता, तर त्याने तो दोन 'ई' जोडून लिहिला असता. 'शिंगटी', 'अळकुटी', 'गुंगवारी' हे त्याने तसेच लिहिले आहेत. 'मुरा' असता, तर शेवटी 'ए'पुढे 'एच' आला असता. त्याने यांपैकी काहीच न करता 'ई'पुढे 'एच' लिहिला आहे. ही हाताची चूक मानण्यास कारण नाही, कारण संक्षिप्त वृत्तांतात आणि सविस्तर निबंधात तेच रूप कायम आहे. मग साइक्सच्या कानावर पडलेला शब्द 'मुरे' होता असेच मानावे लागते. मराठी व्याकरणाच्या दृष्टीने हे रूप दोन प्रकारे सिद्ध होते. एक, 'मुरा' या पुल्लिंगी नामाचे अनेकवचन : मुरा, मुरे, जसे घोडा, घोडे. दोन, 'मुरें' हे नपुंसकलिंगी एकवचन, जसे केळें, तळें. त्यावरचा अनुस्वार दाखविण्याची सोय साइक्सच्या लेखनात नाही.

दुसरा पक्ष प्रथमदर्शनी आकर्षक वाटतो. लहान जीवांसाठी मराठी नपुंसकलिंग सढळपणे वापरते. कोकरू, पाखरू, पिल्लू ही उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत, आणि बोटभर माशाला तेच लिंग शोभून दिसते. परंतु देशावरच्या बोलीत हा अन्त्य 'एं' कोळी, भोई किंवा कुणबी यांच्या तोंडी 'अं' असा होतो : तळं, केळं, डोकं. नदीकाठच्या भोयाने 'मुरं' म्हटले असते, तर साइक्सने शेवटी 'यू' आणि 'एच' लिहिले असते. 'मुरें' असा उच्चार ऐकायला मिळण्यासाठी मध्ये कोणी शिकलेला कारकून हवा, आणि त्याने माशाचे नाव आपल्या शिष्ट उच्चारात सांगितलेले हवे. असे घडणे अशक्य नाही, कारण असल्या चौकशा बहुधा कारकुनांमार्फतच चालत. पण ज्याने आयुष्यात हा मासा ताटात घेतला नसेल, त्याने त्याचे नाव सुधारून सांगण्याची तसदी घेतली, असे मानावे लागते. पहिल्या पक्षाला अशा कोणत्याही मध्यस्थाची गरज पडत नाही. लोच मासा एकटा हाती लागत नाही. तो टोपलीत मुठीमुठीने येतो. 'हे काय आहे?' या प्रश्नाला टोपलीकडे पाहून दिलेले स्वाभाविक उत्तर 'मुरे' हेच आहे. मोठ्या माशांची नावे साइक्सने एकवचनात नोंदली आणि या माशाचे अनेकवचनात, हा फरक वरील अनुमानाला बळकटी देतो. तसे असेल, तर एका प्राणिजातीच्या जगन्मान्य नावात मराठीचे एक अनेकवचनी रूप गोठून राहिले आहे.

येथे एका मोहापासून दूर राहिले पाहिजे. वाळूत शिरून नाहीसा होणारा मासा आणि 'मुरणे' हे क्रियापद यांची सांगड घालण्याचा विचार कोणाही मराठी वाचकाच्या मनात येईल. अर्थ इतका चपखल बसतो, की त्यामुळेच संशय बाळगावा. 'मुरणे' या क्रियापदापासून कर्तृवाचक 'मुरा' अशी सिद्धी मराठीत सामान्य नाही. आणि प्राणिनामांच्या व्युत्पत्तीत चपखल अर्थ हा पुराव्याचा प्रकार नसून लोकव्युत्पत्तीचे लक्षण असतो.

या लोकव्युत्पत्तीचा सर्वांत शोचनीय नमुना याच मत्स्यगटात सापडतो. शोभेचे मासे पाळणाऱ्यांच्या लोकप्रिय पुस्तकांत 'बोटिया' या प्रजातिनामाचा अर्थ 'योद्धा' असा दिलेला आढळतो व शब्दाचे मूळ 'एक आशियाई शब्द' असे सांगितले जाते. कोणत्या भाषेतील शब्द, कोणत्या काळातील, कोणत्या रूपातील, यांविषयी एक अक्षर नाही. या माशांच्या डोळ्याखाली उभारता येणारा दुभंगलेला काटा असतो. त्या काट्यावरून शस्त्र, शस्त्रावरून सैनिक, असा हा प्रवास झालेला दिसतो. आशिया ही जणू एक भाषा असावी, असा समज ज्या वाक्यात गृहीत धरला आहे, ते वाक्य पुस्तकामागून पुस्तकात उतरविले जाते, हे आश्चर्य आहे.

वस्तुस्थिती अधिक मनोरंजक आहे. फ्रान्सिस बुकानन, जो पुढे हॅमिल्टन या आडनावाने ओळखला गेला, याने १८०७ ते १८१४ या काळात बंगाल इलाख्याची पाहणी केली आणि १८२२ साली गंगा व तिच्या शाखांतील माशांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात २६९ जातींचे वर्णन आहे. वर्णन केलेल्या माशांचे नमुने त्याने जपून ठेवले नाहीत. त्याची चित्रेही तो हिंदुस्थान सोडताना कलकत्त्यातच अडवली गेली, आणि नंतरच्या अभ्यासकांना त्या चित्रांचा शोध घ्यावा लागला. सुंदरलाल होरा यांनी १९२९ साली या ग्रंथाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र साहाय्यक निबंध लिहिला, तो या अडचणीपोटीच. अशा स्थितीत हॅमिल्टनच्या कित्येक जातींबाबत वर्णनाखेरीज उरलेला एकच पुरावा म्हणजे त्याने दिलेले स्थानिक नाव. त्याने 'कोबिटिस बोटिया' म्हणून वर्णिलेला मासा हा डोळ्याखाली काटा नसलेल्या लोचांच्या कुलातील आहे. पुढे १८३१ साली जॉन एडवर्ड ग्रे याने अलमोड्याच्या एका माशासाठी 'बोटिया' हीच प्रजाती स्थापिली, आणि तो मासा काटा असलेल्या निराळ्याच कुलातला! परिणामी 'बोटिया' हा शब्द आज एका कुलात प्रजातीचे नाव म्हणून आणि दुसऱ्या कुलात जातीचे नाव म्हणून नांदतो. ज्या माशामुळे तो शब्द मुद्रणात आला, त्या माशाचा 'बोटिया' प्रजातीत समावेशच होत नाही. म्हणजे काट्यावरून योद्धा कल्पिणाऱ्यांनी ज्या शब्दाचा अर्थ लावला, तो शब्द मुळात बिनकाट्याच्या माशाचा होता.

हॅमिल्टनच्या ग्रंथात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती दख्खनच्या उदाहरणाच्या नेमकी उलट आहे. त्याने 'डारिओ' आणि 'गेटो' असे दोन निराळे लोच सांगितले. आजचे मत्स्यशास्त्र या दोहोंना एकच जाती मानते आणि 'गेटो' हे 'बोटिया डारिओ'चे समनाम समजते. असमिया भाषेत याच माशाला 'गेथु' म्हणतात. हॅमिल्टनच्या 'गेटो'त तोच शब्द आहे, हे उघड दिसते. तेव्हा दोन प्रदेशांत एकाच माशाला दोन नावे मिळाली आणि बोलींतील भेद जातींतील भेद म्हणून ग्रंथात शिरला. नमुने जवळ असते तर त्याला ते ताडून पाहता आले असते. बंगालमध्ये तोच मासा 'रानी' या नावाने प्रसिद्ध आहे. हा शब्द मात्र हॅमिल्टनच्या मत्स्यनामांत आला नाही. आला असता तर कदाचित तिसरी जाती निर्माण झाली असती.

दख्खनमध्ये शब्द एक आणि मासे अनेक, अशी स्थिती आहे. 'मुरा-मुरी' हा शब्द आज ज्या माशांना लावला जातो, त्यांत डोळ्याखाली काटा असलेले लोच आहेत आणि नसलेलेही आहेत. साइक्सने त्यांपैकी एकावर 'मूरेह' हे नाव बसविले. तेच नाव दुसऱ्याला देण्याची सोय द्विपदी नामपद्धतीत नव्हती. म्हणून दुसऱ्याला रुप्पेलचे नाव मिळाले असणे शक्य आहे. असे झाले असेल तर 'रुप्पेली' हाही मूळचा 'मुरा'च.

स्थानिक शब्द जातिनामात घेण्याच्या या प्रथेवर आक्षेप लवकरच आला. १८४२ साली ह्यू स्ट्रिकलंड याच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशनने प्राण्यांच्या नामकरणाचे नियम केले. त्यांत ग्रीक व लॅटिन शब्दांना पसंती देण्यात आली आणि अन्य भाषांतील 'रानटी' शब्द टाळावेत असा सल्ला दिला गेला. साइक्सची नावे त्याआधी तीन वर्षे छापून झाली होती, म्हणून ती वाचली. आक्षेपाचे मुख्य कारण असे, की अशा शब्दांचे वर्णलेखन अस्थिर असते व त्यांचा अर्थ युरोपीय विद्वानाला कळत नाही. हे कारण कितपत टिकते, ते याच माशाच्या प्रजातिनामांवरून पाहावे. साइक्सचा 'कोबिटिस' ग्रीकमधून आलेला. पुढे त्याला 'सुतासारख्या ओठांचा' या अर्थाचे दुसरे ग्रीक नाव मिळाले, ते 'नेमाकायलस', 'नेमाकिलस', 'नोएमाकायलस' असे निरनिराळ्या वर्णांनी तज्ज्ञांच्याच ग्रंथांत छापले गेले. त्यानंतर आले 'अकँथोकोबिटिस', म्हणजे 'काटेरी कोबिटिस'. आणि ज्या कुलाचे वैशिष्ट्य डोळ्याखालील काट्याचा अभाव हे आहे, त्या कुलातील माशाला ते लावले गेले. ग्रीक शब्द वर्णलेखनात स्थिर राहिला नाही आणि अर्थानेही खरा ठरला नाही. या सर्व उलथापालथीत 'मूरेह' मात्र एका अक्षरानेही बदलला नाही. लॅटिन विशेषण असते तर प्रजातीचे लिंग बदलताच त्याचा प्रत्यय बदलावा लागला असता. परका शब्द विकाररहित असल्यामुळे त्याला ती बाधा झाली नाही. मराठीत जो शब्द लिंगवचनाप्रमाणे मुरा, मुरी, मुरे असा वाकतो, तो लॅटिनच्या घरात जाऊन अव्यय झाला.

आता या माशाच्या प्रत्यक्ष ओळखीकडे वळावे, कारण नावाची चिकित्सा तेथे तपासली जाते. दख्खनच्या नदीत हाती आलेला लोच कोणता, हे ठरविताना प्रथम डोळ्याखाली काटा आहे की नाही हे पाहतात. बोटाने चाचपूनही ते कळते. काटा असेल आणि शरीर दोन्ही बाजूंनी चपटे असेल तर तो 'बोटिया'चा गट. सी. आर. नारायण राव यांनी १९२० साली वर्णिलेला पट्टेदार 'बोटिया स्ट्रायाटा' त्यात पडतो; कोल्हापूरच्या माशांवरील १९५६ सालच्या निबंधात त्याचाच एक प्रकार कोल्हापूरच्या नावाने नोंदलेला आहे. काटा असून शरीर लांबट व डोक्याच्या बाजूंवर खवले असतील तर 'लेपिडोसेफॅलिक्थिस'. काटा मुळीच नसेल तर 'मूरेह' ज्या कुलात येतो ते कुल. त्या कुलात पाठीवरचा पर, म्हणजे पृष्ठपक्ष, शेजाऱ्यांच्या मानाने लांब आणि अधिक शलाकांचा असेल व शेपटीच्या बुडाशी वरच्या अंगाला काळा ठिपका असेल, तर ओळख 'मूरेह'च्या गटापर्यंत येते. केवळ ठिपक्यावर विसंबणारा मात्र फसतो. तसाच ठिपका 'लेपिडोसेफॅलिक्थिस'मध्येही असतो, आणि ओंजळीतल्या पाण्यात दोन्ही मासे सारखेच दिसतात. भोयाने दोघांना एक शब्द लावला, यात त्याच्या नजरेचा दोष नाही.

गटापासून जातीपर्यंतचा शेवटचा टप्पा सर्वांत अवघड. दख्खनचा 'मूरेह' आणि गंगेच्या प्रदेशातील हॅमिल्टनचा 'बोटिया' यांत फरक आहे की नाही, याविषयी दीर्घ काळ गोंधळ होता. 'बोटिया' या एका नावाखाली पाकिस्तानपासून ब्रह्मदेशापलीकडपर्यंतचे मासे एकत्र केले जात होते. सिंगर व पेज यांनी २०१५ साली 'कोपिया' या नियतकालिकात या गटाची फेरतपासणी प्रसिद्ध केली. तीत त्यांनी आणखी पाच नव्या जाती वर्णिल्या, 'पॅराकँथोकोबिटिस' हा गट स्वतंत्र प्रजाती मानला आणि 'मूरेह' ही जाती 'बोटिया'पासून निराळी धरली. हा निर्णय अर्थातच शरीररचनेच्या तुलनेवर आधारलेला आहे. परंतु द्वीपकल्पातील मासा निराळा ठरल्यावर त्याला कोणते नाव द्यायचे, हा प्रश्न शरीररचनेने सुटत नाही. तेथे अग्रक्रमाचा नियम लागतो. साइक्सचे वर्णन त्रोटक असूनही त्याचे नाव या माशाला मिळाले, कारण साइक्सचा मासा दख्खनचा होता. दख्खनच्या नद्यांचे ते प्रमाणपत्र निबंधाच्या मथळ्यात आहे, तसेच 'मूरेह' या शब्दाच्या अन्त्य स्वरातही आहे. गंगेकाठी असा शब्द कोणी उच्चारला नसता.

येथे लोकांच्या वर्गीकरणाविषयी जे सिद्धान्त मांडले गेले आहेत त्यांची दखल घेणे उचित होईल. ब्रेंट बर्लिन व त्याचे सहकारी यांनी १९७३ साली आणि पुढे बर्लिनने १९९२ सालच्या ग्रंथात असे प्रतिपादिले, की लोकभाषांतील प्राणि-वनस्पतींची मूलभूत नावे निसर्गातील सहज दिसणाऱ्या खंडांना अनुसरतात. ती केवळ उपयोगावर अवलंबून नसतात. यूजीन हन याने १९८२ साली उपयुक्ततेचा मुद्दा पुढे करून याला उत्तर दिले. 'मुरा' या शब्दाची व्याप्ती पाहता हनचे म्हणणे येथे अधिक लागू पडते, असे दिसते. दख्खनच्या नद्यांवर मोठ्या माशांना बारीक भेद दाखविणारी नावे आहेत. साइक्सच्या निबंधात 'कोळस', 'खदरी', 'मसल्ला' हे तिन्ही एकाच प्रजातीत घातलेले मासे तीन स्वतंत्र शब्दांनी ओळखले गेले आहेत, कारण ते विकले जातात व त्यांचे भाव निराळे असतात. लोचाला भाव नाही, म्हणून त्याच्या भेदांना शब्दही नाहीत. मात्र 'मुरा' आणि 'मुरी' या दोन रूपांत केवळ लिंगभेद आहे, की आकाराचा किंवा जातीचाही भेद आहे, हा प्रश्न कोणी नदीकाठी विचारलेला नाही. लोटा-लोटी, गाडा-गाडी यांप्रमाणे मराठी लिंगभेदाने लहान-मोठेपण दाखविते. पुल्लिंगी रूप एका माशाला आणि स्त्रीलिंगी रूप त्याहून लहान दुसऱ्या माशाला लावले जात असेल, तर ज्या भेदाचा अभाव समजला जातो तो प्रत्ययात दडलेला असण्याचा संभव आहे.

हा प्रश्न विचारला न जाण्याचे कारण माशांच्या आधुनिक सूच्यांची रचना हे आहे. पुण्याच्या माशांविषयी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४२ साली फ्रेझर यांचा व होरा-मिश्र यांचा, आणि १९४४ साली सूटर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तेव्हापासून जिल्हावार सूच्यांची परंपरा चालू आहे. तिच्यातील कित्येक सूच्यांत 'स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. त्या रकान्यात एक शब्द असतो; त्याचे लिंग नसते, वचन नसते, तो कोणी कोणत्या गावी सांगितला हे नसते. बहुतेक वेळा तो आधीच्या सूचीतून उतरविलेला असतो. एकच शब्द तीन जातींपुढे आला, की पुढचा संपादक तो गोंधळ समजून दोन ठिकाणचा गाळतो किंवा शेजारच्या भाषेतून एखादा शब्द आणून जागा भरतो. साइक्सने निदान जे ऐकले ते लिहिले. या रकान्यात मात्र कोणीही न उच्चारलेले शब्द येऊन बसतात, आणि छापील असल्यामुळे कोशकार ते प्रमाण मानतो. कोशात अशा शब्दापुढे 'एक प्रकारचा मासा' एवढाच अर्थ सापडतो. ही गोष्ट मत्स्यशास्त्राइतकीच कोशरचनेलाही लाजिरवाणी आहे.

भाषाभ्यासाकडूनही ही बाजू उपेक्षितच राहिली. १९६३ पासून डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींची पाहणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तिच्यातील कुडाळी, कुणबी, वारली इत्यादी ग्रंथांचा भर किनाऱ्यावर आणि त्यालगतच्या प्रदेशावर होता. देशावरच्या नद्यांवर मासेमारी करणाऱ्या भोयांच्या शब्दसंग्रहाला तसे भाग्य लाभले नाही. दरम्यान नद्या बदलल्या. पुणे जिल्ह्यातील माशांच्या सूच्या ताडून पाहणारा एक निबंध २००३ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी नोंदलेल्या काही जाती आता आढळत नाहीत आणि बाहेरून आणलेल्या जाती शिरल्या आहेत, असे त्याने दाखविले. मासा नाहीसा झाल्यावरही त्याचे लॅटिन नाव ग्रंथात राहते. बोलीतील शब्दाला असे दुसरे घर नसते. 'मुरे' कोणाला म्हणतात, हे जाणणारा मनुष्य आणि ते जाणण्याजोगे पाणी, ही दोन्ही एकाच वेळी विरळ होत आहेत.

अशा शब्दाची नोंद करू पाहणाऱ्याने मासा जिवंत किंवा ताजा समोर ठेवूनच नाव विचारले पाहिजे, कारण फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडालेला असतो व बाटलीकडे पाहून सांगितलेले नाव अंदाजाचे असते. एक मासा दाखवून एकदा आणि ओंजळभर मासे दाखवून पुन्हा एकदा विचारावे. सांगणाऱ्याने 'तो' म्हटले, 'ती' म्हटले की 'ते', हे क्रियापदासह टिपावे. नदीचे व गावाचे नाव, सांगणाऱ्याचा समाज, आणि त्याच टोपलीतील दुसऱ्या कोणत्या माशाला तोच शब्द लावण्यास त्याने नकार दिला, हेही लिहून ठेवावे. तो नकारच शब्दाची सीमा सांगतो. नमुना मात्र संग्रहालयात जमा झाला पाहिजे व शब्दाच्या नोंदीवर त्या नमुन्याचा क्रमांक पडला पाहिजे. साइक्सच्या 'मूरेह'ला जी अडचण आली, ती अशा एका क्रमांकाने टळली असती.